एवढ्याशा कारणावरून अर्ज बाद?

तुम्ही लिहिता, "सात वर्षांचा अनुभव असूनही मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, विषयाच्या ओळीत पदाचा क्रमांक नव्हता आणि कामाचे तीन नमुने जोडण्याऐवजी मी सगळ्या कामाची लिंक दिली होती. एवढ्यावरून माझी लायकी ठरवायची?"

तुमचा राग समजतो. पण तुमची लायकी कुणी ठरवलीच नाही, कारण अर्ज तिथवर पोचलाच नाही. अनेक ठिकाणी त्या क्रमांकावरूनच मेल ज्या-त्या पदाच्या फोल्डरमध्ये जातात. लिंकचं दुखणं वेगळं. ती बऱ्याचदा फक्त तुमच्या खात्यातून उघडते, समोरच्याला 'परवानगी मागा' एवढंच दिसतं. तो परवानगी मागत बसत नाही, पुढचा अर्ज उघडतो. शिवाय तीनच नमुने मागतात तेव्हा तुम्ही काय निवडता हेही त्यांना पाहायचं असतं. ती निवड तुम्ही त्यांच्यावर ढकललीत.

अनुभवी माणसं बहुतेक इथेच घसरतात: मागच्या वेळचा अर्ज, कंपनीचं नाव बदलून, तसाच पुढे. म्हणून प्रत्येक जाहिरातीतल्या सूचनांची यादी नव्याने करा. जोडा, लिहा, पाठवा, पाठवू नका अशा प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि एकेक सूचना वेगळ्या ओळीवर उतरवा. पाठवण्याआधी यादी हातात धरून एकेक खूण करा.

फाइलींकडे जास्त लक्ष द्या. पीडीएफ मागितली असेल तर पीडीएफ, वर्ड मागितली असेल तर वर्डच. पीडीएफमधला मजकूर माउसने निवडून बघा. निवडला जात नसेल तर ते नुसतं चित्र आहे, आणि अर्ज छाननारं सॉफ्टवेअर ते कोरं समजू शकतं. फोन नंबर पानाच्या हेडरमध्ये, म्हणजे वरच्या समासातल्या पट्टीत, नको. काही सॉफ्टवेअर तो भाग वाचतच नाहीत. मर्यादा 2 एमबीची असेल तर प्रमाणपत्रांचे मोबाइलवर काढलेले फोटो त्यात मावणं कठीण. स्कॅनरमध्ये स्पष्टता 150 डीपीआय आणि रंग ग्रेस्केल (काळा-करडा) ठेवून स्कॅन करा आणि शिक्का वाचता येतो का ते मोठं करून पाहा. एका पानाचं पत्र मागितलं असेल तर मजकूर कापा, अक्षरं बारीक करू नका.

ऑनलाइन फॉर्मची उत्तरं आधी वेगळ्या फाइलीत लिहा, कारण वेळ संपली की पान बंद होतं आणि लिहिलेलं जातं. अक्षरमर्यादेत बहुधा मोकळ्या जागाही मोजतात. शेवटच्या तारखेसोबतची वेळ वाचा, कंपनी परदेशातली असेल तर ती कुठल्या देशाची वेळ आहे तेही.

एखादी सूचना कळली नाही तर पदाचा क्रमांक देऊन दोन ओळींत विचारा, पण मुदतीच्या आदल्या रात्री नव्हे. चूक पाठवल्यानंतर लक्षात आली, मुदत शिल्लक आहे आणि जाहिरातीत मनाई नाही, तर संपूर्ण अर्ज पुन्हा पाठवा आणि विषयात पदाच्या क्रमांकापुढे 'सुधारित अर्ज' लिहा. नुसती राहिलेली फाइल पाठवलीत तर ती मूळ अर्जाला जोडली जाईलच असं नाही.

या जागेची मुदत गेली आहे, आता खुलाशाचं पत्र लिहू नका. त्याच कंपनीत पुन्हा जागा निघाली तर जरूर अर्ज करा. तीन नमुने मात्र आजच निवडून ठेवा.