३३ दिवसांचे पोप : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पोप जॉन पॉल पहिले यांचा खून झाला, असे मेसेज अधूनमधून फिरतात. खरे काय? (वसई)

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून आधी हाच घेतो. २८ सप्टेंबर १९७८ च्या संध्याकाळी त्यांच्या छातीत दुखले. त्यांनी ते मनावर घेतले नाही, डॉक्टरांनाही बोलावू दिले नाही. रोज पहाटे त्यांच्यासाठी कॉफी ठेवणाऱ्या सिस्टर व्हिन्चेन्झा यांना दुसऱ्या दिवशी कप तसाच भरलेला दिसला. त्या आत गेल्या, तर पोप पलंगावर गतप्राण. हातात काही कागद, दिवा चालू.

पण पोपच्या शयनगृहात बाईमाणूस गेले हे सांगायला व्हॅटिकनला संकोच वाटला असावा. निवेदनात खासगी सचिवाने पाहिल्याचे आले. हातात भक्तिपर ग्रंथ होता असेही सांगितले गेले, ते नंतर मागे घ्यावे लागले. शवविच्छेदन झाले नाही. पुढे १९८२ मध्ये व्हॅटिकन बँकेशी संबंध असलेली बँको अँब्रोसियानो बुडाली, तिचे अध्यक्ष लंडनमधल्या एका पुलाखाली फासाला लटकलेले सापडले, आणि लोकांनी दोन्ही घटनांची गाठ मारली. खुनाचा पुरावा आजवर कोणी दिलेला नाही. माझ्या मते लोकलाजेपोटी केलेली ती किरकोळ लपवाछपवीच सगळ्याच्या मुळाशी आहे.

त्यांचे बालपण खरेच गरिबीत गेले का? (नाशिक)

हो. आल्बिनो लुचियानी (हे त्यांचे मूळ नाव) यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९१२ चा, उत्तर इटलीतल्या डोलोमाइट डोंगरांतल्या एका खेड्यातला. बाळ जगेल की नाही ही धास्ती होती, म्हणून सुईणीनेच घरी बाप्तिस्मा दिला. वडील समाजवादी विचारांचे. पोटासाठी परदेशांत मजुरी करत. अशा बापाने मुलाला सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, जाऊ दिले, हे मला विशेष वाटते. मुलगा १९३५ मध्ये धर्मगुरू झाला, १९५८ मध्ये बिशप, १९६९ मध्ये व्हेनिसचा पॅट्रिआर्क, म्हणजे तिथला प्रमुख धर्माधिकारी.

एवढ्या थोड्या दिवसांत त्यांनी केले तरी काय? (पुणे)

कारभार म्हणाल तर फार काही नाही. तेवढा वेळच मिळाला नाही. वागण्यातून मात्र पुष्कळ. २६ ऑगस्टला, कॉन्क्लेव्हमधल्या (पोप निवडणाऱ्या कार्डिनलांच्या सभेतल्या) मतदानाच्या पहिल्याच दिवशी, निवड झाली. आधीच्या दोन पोपांची, जॉन आणि पॉल यांची, नावे जोडून त्यांनी आपले नाव घेतले. जोडनाव घेणारे ते पहिलेच पोप. ३ सप्टेंबरला पोपचा पारंपरिक तिहेरी मुकुट डोक्यावर चढवून घेतला नाही, साधी मिस्सा (प्रार्थनाविधी) करून काम सुरू केले. बुधवारच्या सार्वजनिक भेटींत ते एखाद्या गावच्या मास्तरासारखे बोलत, मुलांना जवळ बोलावून प्रश्न विचारत. १० सप्टेंबरला म्हणाले, देव आपला पिता आहे, त्याहून अधिक माता आहे. विठ्ठलाला ‘माउली’ म्हणणाऱ्या आपल्याला त्यात नवल वाटणार नाही. रोममध्ये मात्र भुवया उंचावल्या.

सर्वांत अल्पकाळचे पोप तेच का? (सोलापूर)

नाही. १५९० मध्ये सातवे अर्बन १३ दिवसांतच हिवतापाने गेले.

मुंबईशी त्यांचा काही संबंध होता का? (वांद्रे)

थेट नाही. पण मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस, म्हणजे भारताचे पहिले कार्डिनल, त्या कॉन्क्लेव्हचे मतदार होते. आजारपणामुळे त्यांना रोमला जाता आले नाही. ११ सप्टेंबरला ते वारले. नवे पोप त्यानंतर १७ दिवसच जगले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी लुचियानींना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले, तेव्हा सेंट पीटर्स चौकात पाऊस पडत होता.