‘विसरण’ म्हणजे विसरणं नव्हे

खानापूरहून आलेला प्रश्न: घरातल्या काकूंना पाच तास काहीच ध्यानात राहत नव्हतं, ‘मी इथं कधी आले?’ हेच पुन्हा पुन्हा विचारत होत्या. एमआरआयच्या रिपोर्टचं कुणीतरी मराठी करून दिलं: ‘डाव्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला आठवणी नोंदवणारा भाग) विसरण मर्यादित.’ विसरणं मर्यादितच आहे की, मग भ्यायचं कशाला?

इथं ‘विसरण’ म्हणजे डिफ्युजन. शाळेच्या विज्ञानात परासरणाच्या शेजारी भेटतं तेच. धातू ‘सृ’, सरकणं-पसरणं. आपलं ‘विसरणं’ ‘वि + स्मृ’पासून, प्राकृतात ‘स्म’ झिजून आलेलं. मुळं दोन, रूप एक. त्यात तपासणीही विसरण्याचीच, मग घोटाळा होणारच! कानडीत विसरण्याला ‘मरेवु’ म्हणतात, त्याला ही अडचण नाही.

डिफ्युजनच्या फोटोत पाण्याच्या रेणूंची हालचाल दिसते. पेशी सुजली की ही हालचाल अडखळते, तेच रिपोर्टातलं ‘विसरण मर्यादित’. तिथं ठिपका उमटतो, डिफ्युजनमध्ये पांढरा आणि एडीसी नकाशात (त्याच तपासणीतलं, हालचाल मोजून काढलेलं चित्र) काळा. काकूंच्या आजारात (नाव पुढे येतंच) तो जेमतेम 1 ते 3 मिलिमीटरचा असतो. एमआरआय मेंदूचे काप पाडल्यासारखे फोटो काढतो, म्हणून 5 मिलिमीटरच्या जाड कापांत तो निसटू शकतो. 3 किंवा त्याहून पातळ काप हवेत. शिवाय वेळ. पहिल्या काही तासांत फोटो बहुधा स्वच्छ येतो, 24 ते 72 तासांत ठिपका सर्वांत चांगला दिसतो आणि पुढे काही दिवसांत मावळतो. तरी पहिल्या रात्रीचा स्कॅन वाया जात नाही. तो मुख्यतः पक्षाघात नाही ना हे बघायला असतो.

आता आजाराचं नाव, ट्रान्झियंट ग्लोबल अम्नेशिया. यंत्रानं केलेलं ‘क्षणिक जागतिक स्मृतिभ्रंश’ वाचून हसावं की रडावं कळत नाही. क्षणिक म्हणावं तर प्रकार काही तास चालतो (24च्या आत), आणि ‘ग्लोबल’चा जगाशी संबंध नाही. ‘स्मृतिभ्रंश’ डिमेन्शियाला रूढ झालाय, घरचे उगाच धसका घेतात. ‘तात्पुरता स्मृतिलोप’ बरा. पाणिनीची व्याख्याच आहे, ‘अदर्शनं लोपः’, न दिसणं म्हणजे लोप. फक्त एक खोट: लोप म्हटलं की होतं ते दिसेनासं झालं असं वाटतं. काकूंच्या त्या पाच तासांची मेंदूत नोंदच झालेली नाही, त्यामुळे ते तास बहुधा परत आठवणार नाहीत. ‘पुसलं’पेक्षा ‘लिहिलंच गेलं नाही’ म्हणा.

बेळगावात डॉक्टरांना दाखवताना मात्र मूळ इंग्रजी रिपोर्ट आणि सीडीच न्या.