सगळ्यांना एकच गाडी, मग शर्यत कसली?

निपाणीच्या एका सदस्यानं विचारलंय की पोर्श सुपरकपच्या (पोर्श कंपनीच्या एकाच मॉडेलच्या गाड्यांची शर्यत-मालिका) नव्या हंगामात सगळ्यांना गाडी तीच, टायर तेच, मग बघायचं काय? आणि खाली हळूच दुसरा प्रश्न टाकलाय: भावाचा मुलगा सोळा वर्षांचा आहे, त्याला यात उतरायचंय, घर विकावं लागेल का?

पहिल्याचं उत्तर लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझं बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉप आहे. शेजारच्या फौंड्रीतून कास्टिंग येतात. एकाच साच्याची, एकाच वेळी वितळवलेल्या धातूतून ओतलेली दहा नग. ड्रॉइंग एक, मटेरियल एक. तरी बोअर मारताना टूलच्या आवाजावरून कळतं की तिसरा नग जरा कडक आहे आणि सातव्यात ब्लोहोल, म्हणजे आतली हवेची पोकळी, निघणार. त्यामुळे 'सगळ्या गाड्या सारख्या' असं कुणी म्हटलं की माझा हात आपोआप मायक्रोमीटरकडे जातो. सारखं म्हणजे टॉलरन्समध्ये बसलेलं, एवढंच. आयोजकांनाही हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून इंजिनं सील केलेली असतात, गाडीतला डेटा तपासला जातो, आणि शर्यत संपली की गाड्या बंद आवारात उभ्या करतात. तपासणी होईपर्यंत तिथं कुणी पान्ह्याला हात लावायचा नाही.

मग टीमच्या हातात उरतं काय? टायरमधली हवा, कॅम्बर (चाकाचा उभा कल), अँटी-रोल बार (वळणात गाडी फार कलू न देणारी दांडी), मागच्या विंगचा कोन, पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी. मोजून पाच-सहा गोष्टी. पाच-सहाच असल्यामुळे त्यातल्या एकीत चुकलं तरी झाकायला जागा नसते. दुसऱ्या शर्यतींत पन्नास अश्वशक्ती जास्त असली की चूक भरून निघते. इथं ती दर लॅपला तुमच्यासोबत फिरते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका छोट्या टीमबरोबर मदतनीस म्हणून कोइमतूरला गेलो होतो. करी मोटर स्पीडवे, दोन किलोमीटरांहून थोडा जास्त लांबीचा ट्रॅक. दुपारची शर्यत. गाडी तंबूच्या कडेला उभी होती, डावी बाजू उन्हात, उजवी सावलीत. मी गेज घेऊन चारी चाकांत अगदी सारखा आकडा आणला आणि खूश होऊन बाजूला झालो. तिसऱ्या लॅपपासून गाडी एका बाजूच्या वळणात सरळ जायला लागली, दुसऱ्या बाजूच्या वळणात शेपूट टाकायला लागली. गाडी चालवणारा पोरगा उतरला तो तोंड पाडून. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "मामा, काय करून ठेवलायसा?"

झालं होतं असं: उन्हातला टायर आधीच तापलेला, त्यामुळे त्यातली हवा फुगलेली. दहा अंश तापमान वाढलं की साधारण एक-सव्वा पीएसआय वाढतो. मी तो फुगलेला आकडा खरा धरला. ट्रॅकवर चारी टायर तापल्यावर डाव्या बाजूला हवा कमी पडली. सावलीचा तुकडा दोन हात सरकला असता तर काही झालं नसतं. पुढच्या तंबूत मात्र एक म्हातारा मेकॅनिक सकाळपासून चारी चाकांवर ओली पोती टाकून बसला होता. त्याला मी आदल्या दिवशी मनातल्या मनात हसलो होतो.

आता पोर्शचं. 1993 पासून सुपरकप फॉर्म्युला वनच्या शर्यतींबरोबर होतो. 2026 च्या हंगामापासून गाडी नवी आहे. नाव नुसतं 911 कप, आधीच्या नावातला जीटी3 गेला. चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, टर्बो नाही, 520 अश्वशक्ती. आधीच्या गाडीत 510 होती, म्हणजे फरक नावापुरता. मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. पुढच्या बंपरखालची पट्टी आता तीन तुकड्यांत आहे. घासली की घासला तेवढाच तुकडा बदलायचा. हे ज्यानं सुचवलं त्यानं नक्की कधीतरी स्वतःच्या खिशातून बिल भरलेलं असणार.

या गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागं असतं. ऊस भरलेली गाडी उलाळ झाली की काय होतं ते निपाणीच्या माणसाला मी काय सांगू! जुवावर वजनच राहत नाही. 911 चं दुखणं तेच. पुढची चाकं हलकी, वळायला नाखूश. म्हणून चांगला ड्रायव्हर ब्रेक एकदम सोडत नाही. वळणात शिरेपर्यंत थोडा थोडा दाबून धरतो, म्हणजे वजन पुढं येतं आणि नाक वळतं. पण वळणाच्या मध्यावर घाबरून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की मागचं वजन फिरून पुढं यायला बघतं. टीव्हीवर बघताना पुढच्या चाकांकडे बघा, ज्याचं स्टेअरिंग कमी हलतं तो बहुधा वेगात असतो.

आणि नुसत्या पहिल्या नंबरकडे बघत बसू नका. वेग सारखे, त्यामुळे ओव्हरटेक अवघड. शर्यत जेमतेम अर्ध्या तासाची, टायर बदलायला पिटमध्ये येणं नाही. खरी मारामारी पात्रता फेरीत होते, कोण कुठल्या ओळीतून सुटणार ते तिथं ठरतं आणि सेकंदाच्या शंभराव्या भागांवर तीन-चार ओळी पुढंमागं होतात. ती चुकवून थेट शर्यत लावली तर तुम्हाला नुसती मिरवणूक दिसणार, मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर तर नक्कीच. शर्यतीत पाचव्यापासून दहाव्यापर्यंतचा घोळका बघा, तिथं सगळे एकमेकांच्या आरशात असतात. एवढ्या सारखेपणातही डच ड्रायव्हर लॅरी टेन फूर्डे यानं 2020, 2021, 2023 आणि 2024 असं चार वेळा विजेतेपद घेतलं. गाडी तीच असताना चार वेळा तोच माणूस पुढं येतो, याला नशीब म्हणता येत नाही.

आता पुतण्याचं. एकच गाडी म्हणजे स्वस्त काम, हा गैरसमज आधी काढा. नवीन 911 कपची किंमत कर सोडून पावणेतीन लाख युरोंच्या आसपास आहे, आणि त्यात टायर, प्रवास, माणसं काहीच धरलेलं नाही. इंजिनावर पैसे उडवता येत नाहीत म्हटल्यावर पैसेवाला सरावाचे दिवस विकत घेतो. हे सगळीकडे आहे, आपल्याकडेही.

पण सुरुवात तिथून करायचीच नसते. आपल्या देशात हा एकाच गाडीचा मार्ग जुना आहे. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती 800 चं इंजिन घालून छोट्या फॉर्म्युला मारुती गाड्या बनवल्या, त्यांवर एक पिढी शिकली. वर सांगितलेला ट्रॅक त्यांच्याच नावाचा, 2003 मध्ये सुरू झालेला. त्याच गावचा नारायण कार्तिकेयन 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये गेला. पुढं 2010 मध्ये फोक्सवॅगननं पोलो कप आणला. त्यांच्या नंतरच्या अमियो कपमध्ये कोल्हापूरचा ध्रुव मोहिते धावला. म्हणजे आपल्या भागातून कुणी गेलंच नाही असं नाही.

मुलाला आधी कोल्हापूरला कार्टिंगवर घाला. बेळगावहून दोन-अडीच तास, निपाणीहून तर तासाभरात पोचाल. वर्षभर त्यानं नुसत्या वेळा लिहून काढाव्यात, वहीत, स्वतःच्या हातानं. एका दिवसातल्या त्याच्या पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा लॅपमधला फरक कमी होत गेला तर पुढचं बोला. मग कोइमतूर किंवा चेन्नईच्या रेसिंग स्कूलचा कोर्स आणि देशातल्या मोटरस्पोर्टच्या फेडरेशनचं (एफएमएससीआय) स्पर्धेचं लायसन्स. आरटीओचं लायसन्स वेगळं, ते इथं चालत नाही. त्यानंतर फॉर्म्युला एलजीबी, म्हणजे उघड्या चाकांच्या छोट्या गाड्यांची शर्यत, तीही एकाच गाडीची. घर विकायचा विषय या टप्प्यापर्यंत येत नाही. पुढं आला तर प्रायोजक शोधा, सात-बारा शोधू नका.

चोर्ल्याच्या घाटात 'प्रॅक्टिस' करतो म्हणाला तर मात्र किल्ली काढून घ्या. तिथं समोरून ट्रक येतो, मार्शल झेंडा दाखवत नाही.

कार्टिंगला येणार असाल तर आधी इथंच कळवा, बहुतेक रविवारी मी तिकडं असतो. हवेचा गेज मात्र स्वतःचा आणा. माझा मी कुणाला देत नाही.