गुरगुरण्याच्या आधी काय झालं होतं?

"मॅडम, आमचा कुत्रा मुलांवर गुरगुरायला लागलाय. देऊन टाकावा का?"

हा प्रश्न माझ्याकडे आता इतक्या वेळा येतो, की फोनवरच्या पहिल्या दोन वाक्यांतच मला तो ओळखू येतो. मी जनावरांची डॉक्टर नाही, कुत्र्यांना शिकवणारी प्रशिक्षकही नाही. नाशिकमध्ये कॉलेज रोडवर माझं कुटुंब-समुपदेशनाचं काम चालतं. तरी लोक माझ्याकडे येतात, कारण कुत्रा गुरगुरतो क्षणभर, पण त्यावरून नवरा-बायकोचं बोलणं बंद होतं, सासू-सुनेची जुनी उणीदुणी निघतात आणि लेकरं घरातल्या घरात भिंतीला चिकटून चालायला लागतात. लॉकडाऊनच्या काळात गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत कितीतरी फ्लॅटमध्ये पिल्लं आली. त्या वेळी घरात मूल नव्हतं किंवा पाळण्यात होतं. आता पिल्लू वयात आलंय, मूल पळतंय, आणि जागा तेवढीच आहे.

अशा अनेक घरांपैकी एका घराची गोष्ट इथे सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

इंदिरानगरचं कुटुंब. बाबा अंबडच्या कारखान्यात, आई बँकेत, सोबत आजी. मुलगा सात वर्षांचा, मुलगी तीनची. आणि चिकू, पांढरा, झुपकेदार शेपटीचा. सगळे त्याला पामेरियन म्हणायचे. आपल्याकडे त्या नावाने विकली जाणारी बरीच कुत्री खरं तर इंडियन स्पिट्झ असतात, अंगाने जरा मोठी. चिकू तर ग्लुकोजची बिस्किटं आणि दूध-पोळी खाऊन चांगलाच गोल झाला होता. काही महिन्यांपासून तो मुलावर गुरगुरत होता. आणि मग एका संध्याकाळी गुरगुरला नाही, सरळ हातावर झडप घातली. दात ओझरता लागला.

पहिल्या भेटीत मोठी माणसं तेवढी आली होती. मी विचारलं, "चिकू असं का करतो, तुम्हाला काय वाटतं?"

बाबा म्हणाले, "बेइमान झालाय. ज्या घरात खातो त्या घरातल्या पोरावर कुत्र्याने गुरगुरताच कामा नये."

आई म्हणाली, "माझंच चुकलं. हट्टाने मीच आणला होता. आता मुलगा की कुत्रा, असं मला विचारतात."

आजी म्हणाल्या, "ताई, त्याला मत्सर वाटतो पोराचा. माणसासारखंच असतंय त्यांचं."

गुरगुरणं एकच, अर्थ तीन. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझा भर का आहे, ते अशा वेळी मला पुन्हा पुन्हा कळतं. जे घडलं त्याने आपण जेवढे हलतो, त्याहून कितीतरी जास्त हलतो आपण त्याला जोडलेल्या अर्थाने. बाबांना संताप आला होता तो बेइमानीचा, आई खचली होती ती अपराधाच्या भावनेने, आणि आजींना नातवाची बाजू घ्यायची होती. चिकूबद्दल मात्र या तिन्ही उत्तरांत काहीच नव्हतं.

म्हणून 'ठेवायचा की द्यायचा' हा विषय मी तिथेच थांबवला आणि तीन कामं दिली. पहिलं, आजपासून मोठं माणूस शेजारी नसताना मुलं आणि चिकू एका खोलीत नकोत. मधल्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं ते जाळीचं फाटक लावा. कारण कळेपर्यंत थांबू नका, फाटक आधी. दुसरं, चिकू गुरगुरला की वहीत लिहा: कुठे, किती वाजता आणि त्याच्या आधी काय घडलं. तिसरं, जनावरांच्या डॉक्टरांकडून त्याची पूर्ण तपासणी. ती झाल्याशिवाय मी पुढच्या भेटीची वेळ देत नाही. लोकांना हे कडक वाटतं, पण माझा आग्रह कायम आहे. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलं, की वागणुकीच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे आलेल्या कुत्र्या-मांजरांपैकी निदान एक तृतीयांश प्राण्यांच्या बाबतीत मुळाशी किंवा सोबत काहीतरी दुखणं असतं. काही ठिकाणी हे प्रमाण ८० टक्क्यांच्या जवळ जातं. दुखणाऱ्या जिवाला शिस्त लावत बसणं मला मान्य नाही.

चाव्याबद्दलही त्याच भेटीत विचारलं. "खरचटलंय नुसतं, आणि चिकूला लस दिलेली आहे," असं बाबा म्हणाले. हे वाक्यही मी नेहमी ऐकते. घरचा कुत्रा असो, लस दिलेला असो, दात लागून कातडी खरचटली तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि लस सरकारी दवाखान्यांत मिळते. ते इथून थेट मुलाला घेऊन दवाखान्यात गेले.

तपासणीत निघालं ते गुडघ्यांचं दुखणं. दोन्ही मागच्या पायांच्या गुडघ्यांची वाटी जागेवरून आतल्या बाजूला सरकत होती. छोट्या जातींत हे नेहमी आढळतं. डॉक्टर याच्या चार श्रेणी सांगतात. पहिलीत वाटी हाताने ढकलली तर सरकते आणि लगेच परतते. दुसरीत ती अधूनमधून आपोआप सरकते. तिसरीत बहुतेक वेळ बाहेरच असते, हाताने बसवता येते, पण टिकत नाही. चौथीत बसवताच येत नाही. चिकूचा डावा गुडघा दुसऱ्या श्रेणीत होता, उजवा तिसऱ्या.

"पण तो कधी ओरडला नाही हो," आई म्हणाली. "चालता चालता मागचा पाय उचलायचा, तीन पायांवर दोन उड्या मारायचा आणि पुन्हा नीट पळायचा. आम्हाला वाटायचं नखरे करतोय. व्हिडिओसुद्धा काढलेत."

ते व्हिडिओ मी पाहिले. सगळे हसत होते त्यात. ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, हा समज मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटतो. बरीच कुत्री दुखणं आवाजाने दाखवत नाहीत. जिना चढताना थबकतात, दिवाणावर उडी मारायचं सोडतात, एका कुशीवरच झोपतात, उठताना वेळ लावतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की नाशिककर स्वेटर काढतात, पण त्याच दिवसांत कुत्र्याचं आखडलेलं चालणं कुणी आपणहून सांगत नाही, मला विचारावं लागतं.

वहीतूनही चित्र दिसायला लागलं होतं. बहुतेक नोंदी संध्याकाळच्या, फिरून आल्यावर तीन मजले चढल्यानंतरच्या. धाकटीवर एकदाही नाही, ती लांबून चेंडू टाकायची. मुलगा मात्र दर वेळी चिकूच्या मागच्या बाजूला बसलेला. "मागे बसून काय करतो?" या रकान्यात आईने लिहिलं होतं, "लाड करतो."

पुढच्या भेटीला मी मुलाला घेऊन यायला सांगितलं. मोठ्यांना बोलू नका म्हटलं आणि मी त्याच्या शेजारी सतरंजीवर बसले.

"तू चिकूचे लाड कसे करतोस?"

तो गप्प. मग आजीकडे बघून म्हणाला, "तेल लावतो."

"कुठे?"

"त्याच्या गुडघ्याला. तो पाय उचलतो ना, तेव्हा त्याचं दुखत असतं. मग मी आजीच्या बाटलीतलं तेल घेतो आणि दाबून देतो. पण तो गुरगुरतो. मग मी अजून नीट दाबतो."

खोलीत कुणीच काही बोललं नाही. आजींचे गुडघे झिजलेले. रोज संध्याकाळी त्यांच्या गुडघ्यांना तिळाचं तेल चोळून द्यायचं काम या नातवाचं होतं, आणि त्याबद्दल त्याला भरपूर शाबासकी मिळायची. घरात कुणाचं दुखत असेल तर काय करायचं, हे तो शिकला होता. चिकूचं दुखतंय हे त्या घरात एकट्या त्याला कळलं होतं, मोठ्यांच्या कितीतरी आधी. जिथे दुखतंय नेमक्या तिथे तो मायेने दाबत होता, आणि चिकू त्याला जमेल त्या भाषेत 'नको' म्हणत होता.

आजीच पहिल्यांदा बोलल्या. "अरे सोन्या, तू जोरात दाबलंस की मीसुद्धा खेकसते ना तुझ्यावर? मला बोलता तरी येतं."

हे वाक्य मी बोलले असते तर तो सल्ला झाला असता. आजींच्या तोंडून आल्यावर घराची बाजू बदलली. चिकूला द्यायचाच म्हणणाऱ्या आजीच आता त्याच्या वतीने बोलत होत्या. माझ्या कामात मी याच क्षणाची वाट बघते, आणि तो आपल्या घाईने येत नाही. त्यासाठी आधीच्या भेटींत कुणालाही दोषी न ठरवता बसावं लागतं. तेवढं मी केलं होतं, याचं मला समाधान आहे.

मुलाला मी म्हटलं, "तुला सगळ्यांच्या आधी कळलं. आता त्याचं दुखणं डॉक्टर बघतील. तू फक्त हात लावायचा नाहीस, आणि त्याने पाय उचलला की आईला सांगायचं." त्याची मान ताठ झाली. इतके दिवस तो स्वतःला चिकूचा शत्रू समजत होता.

बाबा मात्र अस्वस्थ होते. उठता उठता म्हणाले, "तो गुरगुरला की मी त्याला फटका द्यायचो. मग गुरगुरणं थांबलं होतं. मला वाटलं, सुधारला."

या वाक्याकडे पालकांनी नीट लक्ष द्यावं. गुरगुरणं ही सूचना आहे. त्याच्याही आधी कुत्रा तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दाखवतो, अंग दगडासारखं आखडून घेतो. आपण ते बघत नाही, म्हणून तो गुरगुरतो. त्याबद्दल मार बसला की तो सूचना द्यायचं सोडतो. दुखणं आणि भीती जागेवरच राहतात, आणि पुढच्या वेळी थेट दात येतात. 'अचानक चावला' असं ज्याच्याबद्दल सांगतात, त्याची आधीची गुरगुर कुणी बंद केली होती का, ते मी हमखास विचारते. लहान मुलांना तर ही चिन्हं वाचताच येत नाहीत. दात विचकलेल्या कुत्र्याचा चेहरा लहान मुलांना हसरा वाटतो, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. त्यांची उंचीही अशी, की चावा तोंडावर किंवा मानेवर बसू शकतो. म्हणून 'मुलाला समजावलंय' यावर मी विसंबत नाही. फाटक आणि मोठ्या माणसाची नजर, दोन्ही हवं.

पुढचं काम डॉक्टरांचं आणि घराचं. वजन उतरवायला बिस्किटं बंद झाली. गुळगुळीत टाइल्सवर, चिकूच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, न सरकणारे पायपोस आले. पंजांमधले केस आणि नखं कापली. जिना उचलून, दिवाणावर चढणं बंद, फिरणं थोडं थोडं आणि पट्ट्यावरच. वेदनाशामक डॉक्टरांनी लिहून दिलेलंच. हे मी मुद्दाम सांगते, कारण घरातली गोळी अर्धी करून देणारे भेटतात. माणसांची आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला गंभीर इजा करू शकते, पॅरासिटामॉलही घातक ठरू शकते. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढे पुण्याला झाली. खर्चावरून घरात दोन दिवस वाद झाला, पण तो खर्चाचा वाद होता, 'तुला मुलापेक्षा कुत्रा प्यारा' हा नव्हता.

आता ज्यांच्या मनात मूळ प्रश्न तसाच आहे त्यांच्यासाठी. काही घरांत कुत्रा दुसरीकडे देणं हाच योग्य निर्णय असतो, आणि मी तसं स्पष्ट सांगते. रांगतं बाळ आहे, एका खोलीचं घर आहे, वेगळं ठेवायला जागा नाही, चावे खोल आहेत किंवा वाढत चाललेत, तर बाळाची सुरक्षितता आधी. मोठ्या लॅब्रॅडॉरच्या गुडघ्यातला स्नायुबंध फाटला होता अशा एका कुटुंबाने तो ओझरला मूल नसलेल्या नातेवाइकांकडे दिला. पूर्ण माहिती देऊन दिला, उपचारांचा खर्च स्वतः उचलला. त्यात कसलीही बेइमानी नाही. न सांगता दुसऱ्या मुलाबाळांच्या घरी देणं किंवा गोदापार्कजवळ सोडून येणं मात्र मी कधीही मान्य करणार नाही. दुखणारं, घाबरलेलं जनावर आपण दुसऱ्याच्या लेकरासमोर नेऊन ठेवतो.

ऑपरेशन झालं की सगळं पूर्ववत, ही अपेक्षाही ठेवू नका. दुखणं गेलं तरी 'हे पोर जवळ आलं की दुखतं' ही आठवण कुत्र्याच्या मनात काही काळ राहते. चिकूच्या घरी आधी सहा ते आठ आठवडे सक्तीची विश्रांती झाली. मग मुलगा फाटकाच्या पलीकडे बसून गोष्टीचं पुस्तक वाचायचा आणि अधूनमधून उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा चिकूकडे टाकायचा. हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. अंतर चिकूने कमी करायचं, मुलाने नाही. बऱ्याच दिवसांनी चिकू आपणहून जाळीला टेकून बसायला लागला. डावा गुडघा अजून दुसऱ्या श्रेणीतच आहे, दर काही महिन्यांनी डॉक्टर बघतात. फाटक आम्ही काढलेलं नाही. घरात मोठं माणूस नसलं की ते आजही बंद असतं, आणि ते तसंच राहावं असं मी त्यांना सांगितलं आहे.