गच्चीवरचा नाच आणि समोरचे काका

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची. दर शनिवारी चार मैत्रिणी आमच्या गच्चीवर जमतात आणि स्पीकरवर रेगेटॉन नावाची नाचाची गाणी लावून नाचतात. शब्द स्पॅनिश, मला ओ की ठो कळत नाही. पण कंबर हलवायची तऱ्हा बघून कसंसंच होतं. त्यात समोरच्या इमारतीतले काका बरोबर त्याच वेळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. लेक म्हणते, "आई, ही बायकांच्या हक्काची गाणी आहेत." थापा मारतेय का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : थापा नाहीत, पण अर्धंच खरं. मी स्पॅनिश शिकवते. यातली कितीतरी गाणी मी वर्गात लावत नाही, अर्थ सांगताना माझीच पंचाईत होते. पुरुषांनी लिहिलेली, त्यात बाई म्हणजे नुसती कंबर.

पण लेकीला आयव्ही क्वीनचं 'किएरो बायलार' लावायला सांगा. ही पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरची गायिका. १९९० च्या दशकात तिथल्या राजधानीच्या, सान हुआनच्या रॅप करणाऱ्या पोरांच्या घोळक्यात शिरली आणि टिकली. २००३ च्या या गाण्यात ती जोडीदाराला बजावते, की तुझ्याबरोबर घामाघूम होईस्तोवर नाचेन, म्हणून बिछान्यातही येईन असं समजू नकोस.

२०२० मध्ये तिथल्याच बॅड बनी या गायकाचं 'यो पेर्रेओ सोला' आलं. म्हणजे, 'मी एकटीच नाचते' (पेर्रेओ म्हणजे रेगेटॉनवरचा कंबर हलवत करायचा नाच). व्हिडिओत तो स्वतः बाईच्या वेषात आहे. गाण्यातला बाईचा आवाज नेसी नावाच्या गायिकेचा, पण गायिका म्हणून तिचं नाव लागलं नाही! (हक्काच्या गाण्यातही हे असं.) त्याच वर्षी रीमिक्स निघालं, तेव्हा नेसीचं नाव आलं आणि सोबत आयव्ही क्वीनही गायली.

माझी आजी मंगळागौरीला ओचे खोचून कोंबडा घालायची, पिंगा घालताना घुमायची. आजोबांना ओसरीवर पिटाळून माजघराचं दार आतून लावलेलं असे. तेव्हा कुणाला कसंसं व्हायचा प्रश्नच नव्हता. आयव्ही क्वीन दार सताड उघडं ठेवते, पुरुष समोर असतात, आणि तरी मर्यादा तीच ठरवते. तुम्हाला खुपतंय ते कदाचित हे उघडं दार असेल.

राहता राहिले काका. खुर्ची त्यांनी आत न्यायची. मुलींनी गच्ची सोडायची नाही. हे त्यांना तुम्हीच सांगा, लेकीवर टाकू नका. आणि येत्या शनिवारी वर जाणार असाल तर गुडघ्याला पट्टा बांधून जा, पेर्रेओत बरंच खाली बसावं लागतं.