मेल येतात पण जात नाहीत. पासवर्ड बरोबर असूनही थंडरबर्ड लॉगिन फेल म्हणतं. काय तपासू?

सगळ्यात आधी तो पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकणं थांबवा. का, ते पुढे येईलच.

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: नागपूरजवळ वाडीला ट्रान्सपोर्टचं ऑफिस, चार कॉम्प्युटर एकाच ब्रॉडबँडवर, थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये दोन खाती. एक कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचं (म्हणजे ॲटच्या चिन्हानंतर कंपनीचंच नाव असलेलं), दुसरं जीमेलचं. कंपनीच्या खात्याचा पासवर्ड बदलला आणि तेव्हापासून, तुमच्याच शब्दांत, ‘मेल येऊन राहिले पण जाऊन नाही राहिले’. ब्राउझरमध्ये वेबमेल उघडलं तर तोच पासवर्ड चालतो. आता थंडरबर्ड काढून पुन्हा टाकायचा विचार आहे. तो सोडून द्या. प्रोग्राम काढला तरी प्रोफाइलचं फोल्डर जागेवरच राहतं आणि नव्याने टाकलेलं थंडरबर्ड तीच सेटिंग आणि तोच साठवलेला पासवर्ड उचलतं. अर्धा दिवस जाईल, बाकी काही नाही.

मी नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या सीए आणि डॉक्टरांच्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. ‘पासवर्ड तर बरोबर आहे ना भाऊ’ हे वाक्य रिटर्नच्या जुलै महिन्यात रोज ऐकू येतं. आणि बहुतेक वेळा तो खरंच बरोबर असतो. अडचण अशी की तो चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या नावाने किंवा चुकीच्या पद्धतीने जात असतो.

मेल आणणं आणि मेल पाठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आणायचं काम आयमॅप किंवा पॉप नावाची पद्धत करते, पाठवायचं काम एसएमटीपी नावाची. पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, वेगळा, लॉगिन वेगळं, बऱ्याचदा सर्व्हरचं नावही वेगळं, आणि थंडरबर्डमध्ये साठवलेला पासवर्डसुद्धा वेगळा. १९८२ मध्ये एसएमटीपीचे नियम ठरले तेव्हा त्यात लॉगिन नव्हतंच. जो जोडला जाईल त्याचं पत्र सर्व्हर पुढे पाठवायचा. स्पॅमवाल्यांनी याचा पुरेपूर फायदा घेतल्यावर १९९९ मध्ये लॉगिनची सोय वरून जोडली गेली. तुमच्याच धंद्यातलं बघा: गोदामात माल उतरवून घेतला म्हणजे भरलेली गाडी बाहेर काढायचा गेटपास मिळाला असं होत नाही. म्हणून ‘मेल येतात’ यावरून पाठवण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आता ती खिडकी नीट बघा. मेल पाठवल्यावर एक छोटा बॉक्स येतो, त्यात लिहिलेलं असतं की अमुक सर्व्हरवर अमुक युजरनेमने लॉगिन फेल झालं. खाली तीन बटणं: रीट्राय, एन्टर न्यू पासवर्ड आणि कॅन्सल. सगळ्यांचा हात रीट्रायवर जातो. रीट्राय म्हणजे तोच जुना साठवलेला पासवर्ड परत एकदा पाठवणं, आणि प्रत्येक वेळी सर्व्हरच्या वहीत एक चुकीचा प्रयत्न वाढतो. तुम्ही कॅन्सल दाबा आणि त्या वाक्यातलं सर्व्हरचं नाव आणि युजरनेम कागदावर जसंच्या तसं उतरवून घ्या. निम्मं उत्तर तिथेच असतं.

त्या वाक्यात कंपनीच्या मेल सर्व्हरऐवजी जीमेलचा सर्व्हर दिसला, तर चोर सापडला. तुम्ही कंपनीच्या खात्यातून लिहिताय, पण मेल जातोय जीमेलच्या दाराने, आणि तिथे तुम्ही कंपनीचा पासवर्ड टाकताय. थंडरबर्डमध्ये पाठवायचे सर्व्हर खात्यांपासून वेगळे, अकाउंट सेटिंग्जच्या डावीकडच्या यादीत अगदी तळाशी असतात. त्यातला एक डिफॉल्ट असतो, आणि कुठल्याही खात्याला कुठलाही सर्व्हर जोडता येतो. कंपनीच्या खात्याच्या नावावर क्लिक करा. उजवीकडच्या पानावर खाली आउटगोइंग सर्व्हरचा ड्रॉपडाउन आहे, तिथे कंपनीचाच सर्व्हर निवडलेला हवा. आधी हे असंच चाललं होतं का, ते ओळखायची एक खूण आहे: जीमेलच्या सर्व्हरवरून दुसऱ्या पत्त्याचा मेल पाठवला आणि तो पत्ता जीमेलमध्ये पडताळलेला नसला, तर जीमेल पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचा पत्ता घालतं. एखाद्या पार्टीने ‘तुमचा मेल जीमेलवरून का आला’ असं विचारलं असेल तर आठवून बघा.

सर्व्हर बरोबर असेल तर युजरनेम बघा. स्वतःच्या डोमेनच्या होस्टिंगवर (मेल सांभाळणाऱ्या भाड्याच्या सर्व्हरवर) युजरनेम म्हणजे सहसा पूर्ण ईमेल पत्ता, ॲटच्या चिन्हानंतरच्या भागासकट. आणायच्या सेटिंगमध्ये पूर्ण पत्ता आणि पाठवायच्या सेटिंगमध्ये नुसतं ॲटच्या आधीचं नाव, हा प्रकार मी फार पाहिला आहे.

मग साठवलेला पासवर्ड. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे सेव्ह्ड पासवर्ड्स. यादीत एकाच खात्याच्या दोन ओळी दिसतील, एक आयमॅपने सुरू होणारी आणि एक एसएमटीपीने. तुम्ही पासवर्ड बदललात तेव्हा मेल आणताना थंडरबर्डने नवा विचारला, तुम्ही दिला, आयमॅपची ओळ सुधारली. एसएमटीपीच्या ओळीत जुनाच पडून आहे, असं असू शकतं. तेवढीच ओळ काढून टाका, थंडरबर्ड बंद करून उघडा, स्वतःलाच एक मेल पाठवा. आता तो कोरा पासवर्ड मागेल. टाइप करण्याआधी टास्कबारवर कीबोर्ड इंग्रजीवर आहे का बघा. बिल्टीची माहिती मराठीत भरता भरता कीबोर्ड मराठीवर राहिला, तर काळ्या ठिपक्यांच्या मागे काय उमटतंय ते दिसत नाही. सोपा उपाय: पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये टाइप करा, डोळ्यांनी बघा, तिथून पेस्ट करा, आणि नोटपॅड सेव्ह न करता बंद करा.

इथवर सुटलं नाही तर पोर्ट आणि सुरक्षेची (लाइन कुलूपबंद करायच्या पद्धतीची) जोडी तपासा. पोर्ट ५८७ असेल तर कनेक्शन सिक्युरिटीमध्ये स्टार्टटीएलएस. ४६५ असेल तर एसएसएल/टीएलएस. यांची अदलाबदल झाली की लॉगिनपर्यंत गोष्ट जातच नाही, नुसतं गोल फिरत राहतं आणि शेवटी टाइम आउट. पोर्ट २५ दिसला तर बदलून टाका. तो सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीसाठी आहे आणि बरेच इंटरनेटवाले तो बंदच ठेवतात.

त्याच पानावर ऑथेंटिकेशन मेथड नावाचा दुसरा ड्रॉपडाउन आहे, आणि तिथे शहाणी माणसंही घसरतात. त्यात ‘नॉर्मल पासवर्ड’ आणि ‘एनक्रिप्टेड पासवर्ड’ असे दोन पर्याय दिसतात. साहजिकच माणूस दुसरा निवडतो, सुरक्षित वाटतो म्हणून. पण तो एक जुना, वेगळा प्रकार आहे, जो आज बहुतेक सर्व्हर देतच नाहीत. स्टार्टटीएलएस किंवा एसएसएल/टीएलएस चालू असलं की अख्खी लाइनच कुलूपबंद असते, त्यामुळे आतून ‘नॉर्मल पासवर्ड’ गेला तरी वाटेत कोणी वाचू शकत नाही. कंपनीच्या खात्याला नॉर्मल पासवर्डच ठेवा. उलट कनेक्शन सिक्युरिटी ‘नन’ ठेवली, तर अनेक सर्व्हर लॉगिनची सोयच दाखवत नाहीत आणि थंडरबर्ड पद्धत बदला म्हणून भलतंच सुचवतं.

जीमेलच्या खात्याचं प्रकरण निराळं. नुसत्या युजरनेम-पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला आत घ्यायचं गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद केलं. त्यामुळे ब्राउझरमध्ये चालणारा पासवर्ड थंडरबर्डमध्ये कितीही काळजीपूर्वक टाकला तरी उपयोग शून्य. ऑथेंटिकेशन मेथड ओऑथ२ करा (यात पासवर्ड थंडरबर्डला न देता थेट गूगलला देता), मग गूगलचं स्वतःचं लॉगिन पान उघडेल. ते उघडून लगेच बंद झालं तर थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत का बघा. ओऑथ२ न येणारा जुना प्रोग्राम किंवा स्कॅनर-प्रिंटर असेल तर ॲप पासवर्ड, म्हणजे अशा प्रोग्रामसाठी गूगलने दिलेला वेगळा पासवर्ड, लागतो: १६ अक्षरांचा, आणि तो मिळवायला टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असावं लागतं. गूगलचा मुख्य पासवर्ड बदललात की जुने ॲप पासवर्ड रद्द होतात, हेही लक्षात ठेवा. आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांनाही १६ सप्टेंबर २०२४ पासून हाच ओऑथ२चा नियम आहे.

अजूनही अडलंय? मग सर्व्हर नेमकं काय म्हणाला ते वाचा. तो बॉक्स ते सांगत नाही. सेटिंग्जच्या जनरल पानाच्या तळाशी कॉन्फिग एडिटर आहे. तिथे ‘मेलन्यूज डॉट एसएमटीपी डॉट लॉगलेव्हल’ इंग्रजीत शोधा, किंमत ‘ऑल’ करा, मग कंट्रोल-शिफ्ट-जे दाबून एरर कन्सोल उघडा आणि एकदाच मेल पाठवा. सर्व्हरच्या ओळी तीन आकड्यांनी सुरू होतात. ५३५ म्हणजे नाव-पासवर्ड पाहिले आणि नाकारले. ५३४ जीमेलकडून आला तर ॲप पासवर्ड हवाय. ५३० म्हणजे लॉगिन न करता किंवा स्टार्टटीएलएसच्या आधीच तुम्ही काम पुढे रेटताय. ऑथेंटिकेशन मेथड ‘नो ऑथेंटिकेशन’वर राहिली असेल. ५५० किंवा ५५४ सोबत ‘रिले’ (दुसरीकडे पुढे पाठवणं) असा शब्द असेल तरीही तोच संशय घ्या. चारने सुरू होणारा आकडा तात्पुरत्या अडचणीचा असतो, थांबून बघा.

आता रीट्राय का नको ते. तुमच्या ऑफिसात चार कॉम्प्युटर आहेत आणि बाहेरच्या जगाला चारही एकाच आयपी पत्त्याने, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच नंबराने, दिसतात. पासवर्ड तुम्ही तुमच्या टेबलावर बदललात. पण बुकिंगच्या काउंटरवरच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये तेच खाते जुन्या पासवर्डने पडलेलं असेल, मुलाच्या फोनवर असेल, आणि ते दर काही मिनिटांनी गुपचूप सर्व्हरचं दार वाजवत असेल. होस्टिंगच्या सर्व्हरवर अशा माऱ्यापासून वाचायला पहारेकरी बसवलेले असतात: सीपॅनेल या होस्टिंग सांभाळायच्या प्रोग्राममध्ये सीपीहल्क, इतरत्र फेलटूबॅन. ठरावीक चुकीचे प्रयत्न झाले की ते आयपी पत्ता किंवा खातं काही काळ अडवतात. कुठे सगळंच बंद होतं, कुठे फक्त एसएमटीपी. कुठे लाइनच लागत नाही, आणि कुठे तर बरोबर पासवर्डलाही चुकीचा म्हणून परत पाठवतात. मग तुम्ही चिडून रीट्राय दाबता आणि बंदीची मुदत वाढत जाते.

हे पडताळायला पाच मिनिटं लागतात. तुमचा कॉम्प्युटर ऑफिसच्या वायफायवरून काढा, फोनच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि तोच मेल पाठवा. सेटिंगला हात लावायचा नाही. गेला, तर तुमची सेटिंग आणि पासवर्ड दोन्ही ठीक आहेत. अडवलाय तो ऑफिसचा पत्ता. मग प्रत्येक कॉम्प्युटर आणि फोनमध्ये जाऊन जुना पासवर्ड शोधून काढावा लागेल. नुसती बंदी उठवून घेतली तर संध्याकाळपर्यंत परत बसेल. हॉटस्पॉटवरूनही नाही गेला, तर वरच्या पायऱ्यांवर परत या, नाहीतर खातंच अडकलंय.

दोन किरकोळ शक्यता. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सेल संपला असेल तर लाइट जाऊन आली की तारीख काही वर्षं मागे जाते, आणि सर्व्हरचं सर्टिफिकेट चुकीचं ठरतं. उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. आणि काही अँटिव्हायरस बाहेर जाणारा मेल मध्ये अडवून तपासतात, तेवढा पर्याय थोडा वेळ बंद करून बघा.

आणखी एक. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘हेल्पलाइन’ नंबरला फोन करून स्क्रीन ताब्यात देऊ नका. त्याच कॉम्प्युटरवर तुमचं बँकेचंही चालतं.

होस्टिंगवाल्याला, म्हणजे ज्याला दरवर्षी पैसे भरता त्याला, फोन कराल तेव्हा ‘मेल जात नाही’ एवढंच सांगितलं तर तो पासवर्ड रीसेट करून मोकळा होईल आणि तुमचे चारही कॉम्प्युटर नव्याने दार वाजवायला लागतील. त्यापेक्षा ऑफिसच्या वायफायवरून आपला बाहेरचा आयपी पत्ता बघून ठेवा आणि विचारा: हा पत्ता तुमच्या सर्व्हरवर अडवलाय का, कुठल्या खात्याच्या चुकीच्या लॉगिनमुळे, आणि शेवटचा चुकीचा प्रयत्न किती वाजता झाला? वेळ कळली की त्या वेळी ऑफिसात कुठलं मशीन चालू होतं ते तुम्हाला माहीत असेल. कन्सोलमधली ओळ इथे टाकणार असाल तर पत्ता आणि डोमेन झाकून टाका, आकडा तेवढा राहू द्या.