ब्राउझरमधला न बोलावलेला मदतनीस

प्रश्न : मी अमळनेर येथे कर सल्लागार आहे. जिनिंगवाले, रावेर-यावलकडचे केळीचे व्यापारी आणि काही पगारदार मंडळी यांची विवरणपत्रे भरण्याचे काम माझ्याकडे असल्याने ब्राउझर दिवसभर उघडाच असतो. गेल्या काही महिन्यांपासून त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक मदतनीस आपोआप अवतरला असून, पानाचा सारांश देऊ का, असे तो सारखे विचारतो. समोर अशिलांचे पॅन क्रमांक आणि बँक खाती असताना हे मला खटकते. असला प्रकार मुळातच नसलेला, सुरक्षित आणि खासगीपणा जपणारा ब्राउझर कोणता? की गुप्त विंडोने भागेल?

उत्तर : गुप्त विंडोने भागणार नाही. ती फक्त आपल्या संगणकावर इतिहास आणि कुकीज मागे ठेवत नाही. संकेतस्थळाला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला जे दिसायचे ते दिसतेच.

आपली शंका मात्र रास्त आहे. मदतनीसाचे बटण दिसते म्हणजे तो सतत वाचत बसला आहे असे नव्हे, परंतु आपण किंवा कार्यालयातील एखाद्या मुलाने सहज ‘सारांश’ दाबले, की उघड्या पानावरील मजकूर बहुधा कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, आणि तेथे तो किती दिवस राहील हे त्या कंपनीच्या अटींवर ठरते. सरसकट सगळ्यालाच दोष देणेही योग्य नाही. फायरफॉक्समधील पानांचे भाषांतर, उदाहरणार्थ, आपल्याच संगणकावर होते. म्हणून ‘यात एआय आहे का’ याच्या आधी ‘मजकूर कोठे जातो’ हे विचारावे.

याहून गंभीर धोका आपल्या वतीने क्लिक करणाऱ्या, अर्ज भरणाऱ्या मदतनीसांचा आहे. पानात माणसाच्या डोळ्यांना न दिसेल अशा रीतीने एखादी सूचना लपवून ठेवली, तर मदतनीस ती मालकाचीच आज्ञा समजून पाळू शकतो. ऑगस्ट 2025 मध्ये ब्रेव्ह या ब्राउझरच्या संशोधकांनी पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीच्या कॉमेट ब्राउझरमधील अशीच त्रुटी जाहीर केली होती. (खुद्द ब्रेव्हमध्येही ‘लिओ’ नावाचा मदतनीस आहे, मात्र तो बंद करता येतो.)

आता पर्यायांकडे वळू. आपल्या कामासाठी मी विवाल्डी सुचवेन. ऑपेराचे एक संस्थापक योन फॉन टेट्झनर यांच्या कंपनीचा हा ब्राउझर असून, असे मदतनीस त्यात घालणार नसल्याचे कंपनीने 2025 मध्ये जाहीर केले. त्याचा पाया क्रोमचाच, म्हणजे क्रोमियमचा, असल्यामुळे सरकारी पोर्टल आणि बँकांची पाने सहसा अडत नाहीत. त्याचा दर्शनी भाग मुक्तस्रोत (मूळ कोड सर्वांसाठी खुला असलेला) नाही, हा त्यातला उणेपणा.

खासगीपणाचा आग्रह त्याहून कडक असेल, तर फायरफॉक्सवर आधारलेला लिब्रेवुल्फ आहे. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी बंद करूनच दिलेल्या असतात, जाहिराती रोखणारे यूब्लॉक ओरिजिन सोबत येते आणि वापराची माहिती निर्मात्यांकडे पाठवली जात नाही. परंतु ब्राउझर बंद करताच कुकीज पुसल्या जातात, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी पुन्हा लॉगिन करावे लागते. शिवाय ओळख लपवण्यासाठी तो आपला कालविभाग सांगत नाही, म्हणून काही पानांवर घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेच्या रात्री ते पाहून आपला जीव घाबरा होईल, म्हणून तो इतर वाचनासाठी ठेवावा. मुल्व्हाड आणि टोर हे त्याहून कडक ब्राउझर आपल्या रोजच्या कामासाठी नव्हेत.

फायरफॉक्सची सवय असेल तर बदलण्याची गरजही नाही. त्याच्या नव्या आवृत्त्यांच्या सेटिंग्जमध्ये या सोयी एकाच ठिकाणाहून रोखता येतात.

एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष करू नये. मदतनीस नाही म्हणून ब्राउझर सुरक्षित ठरत नाही; सुरक्षा येते ती सापडलेल्या त्रुटी वेळेवर बुजवण्यातून. लिब्रेवुल्फसारख्या लहान गटाच्या ब्राउझरला मूळ फायरफॉक्समधील दुरुस्ती आल्यावर ती आपल्याकडे घ्यावी लागते, आणि विंडोजवर तो बसवताना स्वयंचलित अद्ययावतीकरण सुरू आहे ना, हे पाहून घ्यावे लागते. नको असलेला मदतनीस टाळण्यासाठी जुनी आवृत्ती धरून ठेवणे तर सर्वांत वाईट. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, तेव्हा कार्यालयातील संगणक त्यावर असेल, तर ब्राउझरच्या आधी तिकडे पाहावे.

नव्या ब्राउझरमध्ये सारांश देणारे, लेखन सुधारणारे असे कोणतेही एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) घेऊ नये. सर्व पाने वाचण्याची परवानगी ते मागते, आणि पुढच्या दाराने घालवलेला पाहुणा मागच्या दाराने परत येतो. जुन्या ब्राउझरमधील पासवर्ड आणताना जी फाइल तयार होते, तिच्यातील पासवर्ड कोणालाही वाचता येतील असे उघडे असतात. काम होताच ती हटवून रीसायकल बिनही रिकामे करावे.